मंदाताईंची परवानगी

सदाशिव पेठेतले एक निवृत्त मास्तर एकदा बिबवेवाडीच्या माझ्या दुकानात चिठ्ठी घेऊन आले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आलेला इंग्रजी मजकूर त्यांनी मोत्यासारख्या अक्षरात उतरवून आणला होता आणि खाली स्वतःच त्याचं मराठी केलं होतं : ‘आपणांस परवानगी नाही. कृपया आपल्या प्रशासकाशी संपर्क साधावा.’ त्यांनी विचारलं, हे गृहस्थ बसतात कुठे, त्यांची भेटायची वेळ काय आणि आधी अर्ज द्यावा लागतो का. मी म्हटलं, सर, घरात कॉम्प्युटर एक, वापरणारे तुम्ही एकटे. प्रशासक तुम्हीच आहात. मास्तरांनी चिठ्ठीची व्यवस्थित घडी घातली आणि म्हणाले, “म्हणजे मी मलाच नाही म्हणालो. निदान मला तरी आधी कळवायचं.”

मास्तरांना हसण्यात अर्थ नव्हता, कारण माझा निम्मा धंदा पडद्यावरच्या या एका चौकटीवर चालला. लोक मला कॉम्प्युटर रिपेअरवाला म्हणत, पण माझं खरं काम जुनी सॉफ्टवेअर नव्या मशीनवर बसवण्याचं होतं. नव्वदच्या दशकात घराघरांत कॉम्प्युटर आले तेव्हा कोणीही उठावं आणि मशीनमध्ये वाटेल तिथे वाटेल ते लिहावं, असा कारभार होता. त्या काळातल्या प्रोग्रामांनाही तीच सवय. आपली माहिती ते आपल्याच फोल्डरमध्ये, म्हणजे प्रोग्राम जिथे बसवला तिथेच, बिनधास्त ठेवून द्यायचे. मग व्हायरस आले, इंटरनेट आलं आणि विंडोज बनवणाऱ्यांनी एकेक दार बंद करायला घेतलं. नव्या विंडोजमध्ये दोन प्रकारची माणसं झाली. एक प्रशासक, त्याला सगळी मुभा. बाकीचे साधे वापरणारे, त्यांनी आपापल्या खोलीत राहायचं, सामाईक ठिकाणी हात लावायचा नाही. ही व्यवस्था चांगलीच होती. फक्त जुन्या प्रोग्रामांना ती कोणी समजावून सांगितली नव्हती.

अशा वेळी माझ्यासारखे लोक काय करत, ते आता कबूल करायला हरकत नाही. आम्ही सगळ्यांना प्रशासक करून टाकत असू. मुलगा प्रशासक, सून प्रशासक, दुकानातला कारकून प्रशासक. सुरक्षेची चौकट बंद, व्हायरस पकडणारा प्रोग्राम गप्प. जुनं सॉफ्टवेअर सुरू झालं की गिऱ्हाईक खूष आणि आपण पुढच्या घरी. एका लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे मी असंच केलं होतं. दोन महिन्यांत कोणाच्या तरी पेनड्राइव्हवरून व्हायरस आला आणि सगळी दारं उघडीच असल्यामुळे त्यांच्या वीस वर्षांच्या पत्रिकांचे नमुने घेऊन गेला. ते मला काही बोलले नाहीत, व्हायरसलाच शिव्या घालत राहिले. मीही त्यांची समजूत दुरुस्त केली नाही. हे लिहितानासुद्धा मला बरं वाटत नाहीये.

एवढं झाल्यावर तरी मी सुधारायला हवा होतो. सुधारलो नाही. सुधारलो तो मंदाताईंमुळे, आणि त्यांनी सुधारल्यावर.

स्वारगेटजवळ एका ट्रस्टच्या इमारतीत मागच्या बाजूला दोन खोल्यांचं ब्रेल छापखान्याचं काम चाले. मंदाताई तिथल्या मुख्य. जन्मापासून अंध, तेव्हा वय पन्नाशीच्या पुढे, बारीक अंगाच्या, सुती साडी आणि बोलणं अगदी तोडून. शोभाताई नावाच्या निवृत्त शिक्षिका मराठी पुस्तक कॉम्प्युटरवर टाइप करत. मग एक जुना प्रोग्राम त्या मजकुराचं ब्रेलमध्ये रूपांतर करी आणि ब्रेलचं छापयंत्र जाड कागदावर ठिपके उठवी. यंत्र चालू झालं की दोन्ही खोल्यांत मसाला कुटण्याच्या मशीनसारखा धडधडाट होई. पहिली छापील प्रत मंदाताई बोटांनी वाचत आणि चुका काढत.

त्या प्रोग्रामचं मोल प्रोग्राममध्ये नव्हतं, त्याच्या पोटातल्या एका तक्त्यात होतं. तो प्रोग्राम ज्यांनी लिहिला त्यांचं दुकान कधीच बंद झालं होतं आणि मराठी गणिताची पुस्तकं त्यांच्या डोक्यात कधी आलीच नव्हती. ब्रेलमध्ये आकड्यांना वेगळे ठिपके नसतात. अक्षराच्याच ठिपक्यांपुढे आकड्याची एक खूण येते, मग ते अक्षर आकडा म्हणून वाचायचं. हा प्रोग्राम वजा चिन्हानंतर ती खूणच गाळायचा. ‘वजा पाच’ असेल तर मुलाच्या बोटाला ‘वजा ए’ लागायचं. अशा शेकडो चुका मंदाताईंनी आठ वर्षांत शोधल्या आणि प्रत्येकीसाठी तक्त्यात एकेक नियम घातला. पडद्यावरचं वाचून दाखवणारं एक बोलकं सॉफ्टवेअर त्यांच्याकडे होतं, त्याच्या मदतीने. नवीन प्रोग्राम मिळत होते, पण हा तक्ता त्या प्रोग्रामांना वाचता येत नव्हता.

त्या वर्षी दहावीचं गणिताचं पुस्तक बदललं आणि नेमका एप्रिलच्या सुरुवातीला त्यांचा जुना कॉम्प्युटर बंद पडला. मला बोलावणं आलं. मशीन उघडून पाहिलं आणि सांगितलं की यात आता काही राहिलेलं नाही. मंदाताईंनी एवढंच विचारलं की नवीन मशीनवर जुना प्रोग्राम कधी चालेल. मी म्हटलं, बघू. त्या म्हणाल्या, “बघू नका, तारीख सांगा. जूनमध्ये शाळा उघडते. अकरा मुलं दहावीत आहेत.”

मी म्हटलं, थोडं मागेपुढे झालं तर नाही का चालणार? त्यावर त्यांनी कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. त्या स्वतः दहावीला होत्या तेव्हा बीजगणिताचं ब्रेल पुस्तक दिवाळीनंतर हातात आलं होतं. वर्गात फळ्यावरची गणितं ऐकून ऐकून जेवढं डोक्यात राहील तेवढंच. त्या वर्षी त्या गणितात नापास झाल्या. “मी गणितात ढ नव्हते, देशमाने,” त्या म्हणाल्या, “पुस्तक उशिरा आलं.” मी एप्रिलअखेरची तारीख देऊन बसलो.

नवीन मशीनची सोय झाली होती. हिंजवडीच्या एका आयटी कंपनीने आपले वापरलेले दोन कॉम्प्युटर ट्रस्टला दान दिले होते, हारतुरे आणि फोटोसकट. मी प्रोग्रामची सीडी घातली आणि मास्तरांची चौकट समोर आली : प्रशासकाशी संपर्क साधा. प्रशासकाचा पासवर्ड कंपनीकडेच राहिला होता. फोन केला तर प्रफुल नावाच्या मुलाने घेतला. अत्यंत नम्र. “सर, पासवर्ड तर नाही देता येत ना. पॉलिसी आहे. तुम्ही मेल टाका, तिकीट रेज होईल, मग अप्रूव्हल आलं की करून देतो.” तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, रेज झालं आणि आठ दिवस ते तसंच उंचावर राहिलं.

नवव्या दिवशी मंदाताई म्हणाल्या, आपण जाऊ. स्वारगेटहून बसने हिंजवडी, दोन बस बदलून. त्या माझ्या कोपराला हात लावून चालत होत्या आणि मला वाटत होतं की मी त्यांना नेतोय. गेटवर नोंद, आत नोंद, फोटो, गळ्यात अडकवायचं कार्ड. मग प्रफुल खाली आला. यवतमाळकडचा, पंचविशीचा. मंदाताईंना पाहून वरमला आणि शहरी मराठी सुटली. “ताई, तुम्ही कायले आल्या एवढ्या दूर? मी करून दिलं असतं ना.” मग पुन्हा पॉलिसी सांगू लागला. मंदाताईंनी सगळं ऐकून घेतलं.

“तुम्ही आम्हाला कपाट दिलंत आणि किल्ली ठेवून घेतलीत,” त्या म्हणाल्या. “दान केलंय, का तुमच्याकडे जागा नव्हती म्हणून ठेवायला दिलंय?”

प्रफुल वर गेला. अर्ध्या तासाने आला तो साहेबाची सही असलेला कागद आणि बंद पाकीट घेऊन. पाकिटात प्रशासकाचा पासवर्ड होता. त्याने ते मंदाताईंच्या हातात द्यायला हात पुढे केला आणि मधल्या मधे मी घेतलं. वाचायचं तर मलाच होतं, असा माझा सरळ हिशेब. घ्यायला पुढे केलेला हात मंदाताईंनी मागे घेतला.

त्यानंतरचे तीन दिवस मी त्या मशीनशी भांडलो. पहिल्या दिवशी प्रोग्राम बसेचना. त्याला जुन्या विंडोजचा भास करून देणारी एक सोय असते, ती लावून बसवला. दुसऱ्या दिवशी छापयंत्राची जाड केबल नवं मशीन ओळखेना. त्यासाठी आणखी एक जुना प्रोग्राम आणि पुन्हा प्रशासक. तिसऱ्या दिवशी तक्त्याची प्रत हवी होती. मंदाताईंनी ती फ्लॉपीवर जपून ठेवली होती, पण डब्यात फ्लॉप्या चाळीस आणि लेबलं सगळी ब्रेलमध्ये. मी एकेक घालून बघायला लागलो. पाचव्या फ्लॉपीला मंदाताईंनी डबा स्वतःकडे ओढला, बोट फिरवलं आणि नेमकी फ्लॉपी काढून दिली. दुपारी यंत्र धडधडायला लागलं. मला स्वतःचा असा अभिमान वाटला की परत जाताना मी शोभाताईंना दोनदा सांगितलं, हे काम दुसऱ्या कोणाला जमलं नसतं.

मी दोघींची दोन वेगळी खाती केली होती. मंदाताईंच्या खात्यात बोलकं सॉफ्टवेअर आपोआप सुरू होई आणि त्याच्या बडबडीत शोभाताईंना टाइप करता येत नसे. मंदाताई त्यांच्या खात्यातून तक्ता दुरुस्त करत आणि तपासणीची पहिली प्रत काढत, शोभाताई आपल्या खात्यातून बाकीच्या प्रती छापत. सगळं जिथल्या तिथे, असं मी समजत होतो.

मंदाताईंची एक पद्धत होती. तपासलेल्या पुस्तकाच्या प्रती छापून झाल्या की बांधणीला द्यायच्या आधी त्या गठ्ठ्यातून मनाला येईल ते एक पान ओढून पुन्हा वाचत. शोभाताई चिडवत की तुमचा आमच्यावर विश्वास नाही. मंदाताई म्हणत, आहे ना, म्हणून तर एकच पान काढते. गणिताचं पुस्तक ब्रेलमध्ये सहा जाड खंडांचं झालं होतं. पहिल्या दोन खंडांच्या अकरा अकरा प्रती तयार झाल्या आणि त्यांनी एक पान ओढलं. वजा चिन्हाच्या पुढची खूण गायब होती. नव्या पुस्तकासाठी आणखी काही नवे नियम त्यांनी घातले होते, तेही नव्हते. ज्या चुका त्यांनी या मशीनवर स्वतः दुरुस्त केल्या होत्या त्या सगळ्या परत आल्या होत्या. शाळा उघडायला अठरा दिवस होते.

मी गेलो. प्रशासक म्हणून आत शिरलो आणि तक्ता उघडला. त्यांच्या नव्या दुरुस्त्या त्यात नव्हत्या. फ्लॉपीवरून आणलेल्या तक्त्यात वजाचा नियमही नव्हता. ती फ्लॉपी त्याच्या आधीची होती आणि नव्या मशीनवर त्यांनी तो पुन्हा घातला होता. म्हणजे त्यांनी घातला, असं त्या म्हणत होत्या. मला तो दिसत नव्हता.

मी म्हटलं, “ताई, तुम्ही सेव्ह करायला विसरला असाल.”

त्या म्हणाल्या, मी केलं. मी म्हटलं, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही हो, असतं तर दिसलं असतं, आणि होतं असं वयानुसार. हे वाक्य मी त्यांच्याच छापखान्यात, शोभाताईंच्या देखत म्हणालो. तीस वर्षांत मी गिऱ्हाइकांशी बरंच काही बोललो असेन, पण हे एक वाक्य परत घेता आलं असतं तर बरं झालं असतं.

मंदाताई चिडल्या नाहीत. मला म्हणाल्या, त्या खुर्चीवर बसा आणि कशालाही हात लावू नका. त्या स्वतःच्या खात्यात शिरल्या. बोलक्या सॉफ्टवेअरने तक्ता वाचून दाखवला आणि त्यात वजाचा नियम होता, बाकीचेही होते. त्यांनी गणिताचं एक पान छापलं. मग शोभाताईंना त्यांच्या खात्यातून तेच पान छापायला सांगितलं. दोन्ही कागद टेबलावर ठेवले आणि माझा उजवा हात धरून तर्जनी पहिल्या कागदावर एका ओळीच्या सुरुवातीला टेकवली.

“किती पुंजके लागतात ते सांगा. बघू नका, डोळे मिटा.”

मी डोळे मिटले. आधी नुसतीच खरबरीत ओळ लागली. मग हळूहळू एकेक वेगळा झाला. तीन, मी म्हटलं. वजा, खूण, पाच, त्या म्हणाल्या. मग बोट उचलून दुसऱ्या कागदावर ठेवलं. मी दोनदा मोजलं. दोन होते.

“आता सांगा, कोण विसरलं?”

काय झालंय ते मला त्या क्षणी लख्ख समजलं आणि ते मला आधीच माहीत असायला हवं होतं. नव्या विंडोजची एक रीत आहे. जुना प्रोग्राम सामाईक फोल्डरमध्ये लिहायला गेला की साध्या वापरणाऱ्याला ती परवानगी नसते. पण नाही म्हटलं तर जुना प्रोग्राम बंद पडेल. म्हणून विंडोज हो म्हणते, फाइल हातात घेते आणि कोणाला न सांगता त्या माणसाच्या खात्यातल्या एका लपलेल्या कप्प्यात ठेवून देते. त्या माणसाने मागितली की तिथूनच काढून देते. तेव्हा मंदाताईंना त्यांचा दुरुस्त तक्ता रोज दिसत होता. शोभाताईंना आणि मला जुनाच दिसत होता. एकाच नावाच्या दोन फाइली, आणि मंदाताईंचं दीड महिन्याचं काम एका अंधाऱ्या कप्प्यात. लपलेल्या फाइली दाखव असं मशीनला सांगितलं आणि पाच मिनिटांत ती सापडली. शेवटच्या दुरुस्तीची वेळ आदल्या दिवशीची होती. त्यांनी सेव्ह केलं होतं. प्रत्येक वेळी केलं होतं.

मी त्यांची माफी मागितली. नुसतं ‘गैरसमज झाला’ असं नाही, चूक माझी, आणि मी तुमच्यावर ढकलली, असं म्हणालो. त्या म्हणाल्या, ते नंतर, आधी हे नीट करा.

नीट करायचं म्हणजे माझ्या हाताला जुनीच सवय. दोघींना प्रशासक करतो, सुरक्षा काढून टाकतो, दोन मिनिटांचं काम, असं मी बोलूनही गेलो. मंदाताईंनी विचारलं की मग पेनड्राइव्हवरून काही आलं तर? मला पत्रिकावाले आठवले. त्यांनी पुढे विचारलं, “अडचण एका फोल्डरची आहे ना? मग त्या एकाच फोल्डरची परवानगी आम्हाला देता येत नाही का?”

देता येते. प्रत्येक फोल्डरला कोणी लिहायचं आणि कोणी नाही हे ठरवण्याची सोय असते, थोडी किचकट, पाच-सहा चौकटींतून जावं लागतं. मला ती पहिल्या दिवसापासून ठाऊक होती आणि कंटाळ्यापोटी मी ती कधी वापरली नव्हती. ज्या बाईंना पडदा दिसत नव्हता त्यांनी ती नुसत्या विचाराने शोधून काढली. मी त्या फोल्डरची परवानगी दोघींना दिली, कप्प्यातला दुरुस्त तक्ता जागेवर आणला, कप्पा रिकामा केला. पुन्हा दोन खात्यांतून दोन कागद छापले. मंदाताईंनी वाचायच्या आधी मीच डोळे मिटून बोट ठेवलं. तीन आणि तीन.

पुढचे सतरा दिवस यंत्र थांबलं नाही. दोन खंड पुन्हा, बाकीचे चार नव्याने. मी दुकान दुपारनंतर बंद ठेवून तिथे कागद लावायला जात होतो. कोणी सांगितलं नव्हतं. एकदा यंत्राचा पट्टा तुटला तेव्हा मी सुट्या भागांच्या दुकानांची आख्खी तपकीर गल्ली आणि बुधवार पेठ पालथी घातली. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी सकाळी शेवटच्या खंडाची बांधणी झाली. मंदाताईंनी गठ्ठ्यातून एक पान चाचपलं, उभ्यानेच वाचलं आणि म्हणाल्या, पाठवा. टेम्पो गेल्यावर त्या खुर्चीवर बसल्या. शोभाताईंनी चहा आणला तेव्हा म्हणाल्या, पहिल्या दिवशी मिळतंय हो मुलांना.

चहा संपल्यावर त्यांनी मला विचारलं की या मशीनचा मुख्य पासवर्ड कोणाकडे आहे. मी म्हटलं, माझ्याकडे. त्या म्हणाल्या, का?

बिबवेवाडीपासून लोणी काळभोरपर्यंत शंभरेक मशीनचे पासवर्ड माझ्या वहीत होते आणि तसं कोणी कधी विचारलं नव्हतं. त्या पाकिटाची आठवण त्यांनी काढली नाही. मी पासवर्ड बदलायची चौकट उघडली, कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला आणि तोंड खिडकीकडे केलं. त्या टाइप करत होत्या आणि बोलकं सॉफ्टवेअर प्रत्येक अक्षराला ‘स्टार, स्टार’ म्हणत होतं. मी स्टार मोजले नाहीत. घरी येऊन वही काढली आणि एकेका गिऱ्हाइकाला फोन करून त्याचा पासवर्ड त्याला द्यायला सुरुवात केली. काहींना वाटलं मी धंदा बंद करतोय.

धंदा खरोखर बंद केला तो गेल्या वर्षी. शेवटच्या कामांत छापखान्याचं एक होतं, नवीन छापयंत्र जोडायचं. मंदाताई आता काठी घेऊन येतात, पण येतात. मी काम सुरू केलं आणि ओळखीची चौकट आली : प्रशासकाशी संपर्क साधा. मी म्हटलं, ताई, जरा पासवर्ड. त्या उठल्या, शेजारी येऊन बसल्या आणि कीबोर्डवर हात ठेवून थांबल्या.

“आधी सांगा, काय करणार आहात.”

मी सांगितलं. कुठली फाइल बसेल, कुठे बसेल, कशाला हात लागणार नाही. त्यांनी दोन प्रश्न विचारले. मग पासवर्ड टाकला. तासाभरात काम झालं, यंत्र चाललं, मी स्क्रू ड्रायव्हर पिशवीत टाकले आणि दारापर्यंत गेलो.

“देशमाने,” मागून आवाज आला, “सेव्ह केलंत ना? विसरला असाल.”

केलं होतं. तरी परत येऊन बसलो आणि पाहिलं.